स्टेंट बसला, मग गोळ्या कशाला?

हृदयाच्या रक्तवाहिन्या आणि अटॅकनंतरचं हृदय यांबद्दल आलेल्या पत्रांतले सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : वडिलांची ट्रेडमिल टेस्ट नॉर्मल होती आणि महिन्याभरात त्यांना हार्ट अटॅक आला. टेस्ट चुकली का?

उत्तर : चुकली असेलच असं नाही. ट्रेडमिलवर हृदयाची रक्ताची गरज वाढते. रक्तवाहिनी साधारण ७० टक्के किंवा त्याहून जास्त अरुंद असेल तर पुरवठा तोकडा पडतो आणि ईसीजीत फरक दिसतो. अटॅक मात्र पुष्कळदा ४०-५० टक्केच अडथळा असलेल्या जागी येतो, कारण मूळ दुखणं वाहिनीच्या भिंतीत असतं. एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे, कण आतल्या अस्तराखाली शिरतात आणि तिथेच अडकून बिघडतात. ते गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी फुगून मरतात. असा मऊ, चरबीचा गाळ साठत जातो आणि त्यावर तंतूंची साय धरते. साय जाड असेल तर वर्षानुवर्षं काही होत नाही. ती ६५ मायक्रॉनपेक्षा, म्हणजे जवळजवळ केसाच्या जाडीपेक्षा, पातळ असेल आणि कडेला दाह, म्हणजे आतली सूज, धुमसत असेल, तर एखाद्या दिवशी फाटते. गाळ रक्ताला भिडतो, गुठळी धरते आणि वाट बंद होते. आदल्या महिन्यातल्या टेस्टमध्ये ही साय दिसण्याचं काही कारण नव्हतं.

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनी अँजिओग्राफीतला अडथळा फारसा कमी झालेला दिसत नाही, तरी अटॅक कमी होतात, तेही याच कारणाने : गाळ आटतो, साय घट्ट होते. (स्टॅटिन चालू असताना सीटी स्कॅनवरचा कॅल्शियम स्कोअर, म्हणजे वाहिनीच्या भिंतीतल्या कॅल्शियमचं माप, थोडा वाढला तर घाबरू नका. मऊ गाळ टणक होणं तितकं वाईट नाही.) दाहाचा वाटा २०१७च्या एका मोठ्या चाचणीने दाखवला. दर ३ महिन्यांनी १५० मिलिग्रॅम कॅनाकिनुमॅब हे दाह कमी करणारं औषध टोचल्यावर एलडीएल जिथल्या तिथे राहूनही अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. पण जीवघेणे जंतुसंसर्ग थोडे वाढले, त्यामुळे ते इंजेक्शन रोजच्या वापरात आलं नाही. त्यानंतर जुनं, गाउट या सांध्यांच्या दुखण्यावरचं कोल्चिसिन रोज ०.५ मिलिग्रॅम देऊन पाहिलं गेलं आणि काही चाचण्यांत त्याचाही उपयोग दिसला.

प्रश्न : स्टेंट बसून ४ महिने झाले, त्रास काही नाही. दाढ काढायची आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबवू का?

उत्तर : स्वतःहून नाही. १९७७ साली झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी पहिल्यांदा हृदयाची वाहिनी फुग्याने उघडली, तेव्हापासूनची अडचण एकच : उघडलेली वाट पुन्हा बुजते. म्हणून जाळी, म्हणजे स्टेंट, आली, आणि जाळीत मांस वाढू लागलं म्हणून तिच्यावर पेशींची वाढ रोखणारं औषध आलं. हेच औषध जाळीवर नवं अस्तर चढण्याचा वेगही मंदावतं. अस्तर चढेपर्यंत धातू उघडा, आणि उघड्या धातूवर प्लेटलेट, म्हणजे रक्तातले गुठळी धरणारे कण, चिकटतात. तेवढ्यासाठी अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर : अटॅकनंतर सहसा १२ महिने, ठरवून बसवलेल्या स्टेंटला बहुधा ६, रक्तस्रावाचा धोका असेल तर त्याहून कमी. एक दाढ काढताना गोळ्या चालू ठेवून हिरडीतला रक्तस्राव बोळा दाबून, टाका घालून आवरता येतो. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ते निस्तरणं फार अवघड. दंतवैद्य आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी आपसांत बोलून ठरवावं.

टिकाग्रेलॉरने काहींना धाप लागते आणि ते गुपचूप गोळी सोडतात. तसं करू नका, सांगा. गोळी बदलून मिळते.

प्रश्न : स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) इंजेक्शनने हृदय पुन्हा नवं होतं असं एका केंद्राने सांगितलं. पैसे भरावेत का?

उत्तर : आमच्या मते नाही. डाव्या कप्प्यात स्नायूंच्या २ ते ४ अब्ज पेशी असतात. मोठा अटॅक त्यांतल्या अब्जभर काही तासांत मारतो आणि त्या जागी कोलॅजनच्या तंतूंचा व्रण उरतो. व्रण ताण सोसतो, आकुंचन पावत नाही. हृदय अजिबात नवं होत नाही असंही नाही. अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या आणि पेशींत शिरलेल्या कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनवरून २००९ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी मोजलं : पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का पेशी बदलतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. या गतीने अब्जाची भरपाई होत नाही. एका दिवसाच्या उंदराच्या पिल्लाचं हृदय कापलेला तुकडा पुन्हा वाढवतं, सात दिवसांचं पिल्लू मात्र व्रणच धरतं. त्या आठवड्यात नेमकं काय बंद होतं, या प्रश्नावर आज कितीतरी प्रयोगशाळा काम करताहेत.

अस्थिमज्जेतल्या पेशींपासून हृदयाचा स्नायू बनतो हा २००१ सालचा गाजलेला दावा इतरांच्या हातून सिद्ध झाला नाही. २०१८मध्ये हार्वर्डने हा दावा करणाऱ्या संशोधकाच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत असं कळवलं. मुळात टोचलेल्या बहुतेक पेशी काही दिवसांत वाहून जातात किंवा मरतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या खऱ्या स्नायूपेशी जास्त टिकतात, पण त्या आपल्याच तालात धडधडतात. प्राण्यांमध्ये पहिल्या काही आठवड्यांत त्यामुळे ठोके बिघडलेले दिसले. केंद्राला विचारा : कुठल्या पेशी, किती, चाचणी कुठे नोंदवली आहे? आणि चाचणी आहे तर पैसे कसले?

प्रश्न : अटॅकनंतर इकोत पंपिंग ३५ टक्के आलं. आता हेच कायम?

उत्तर : पहिल्या आठवड्यातला आकडा (दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं तो) अंतिम धरू नका. जिवंत असूनही बधिर झालेला स्नायू काही आठवड्यांत सावरू शकतो. शॉक देणारं यंत्र बसवायचं का, हा निर्णयदेखील सहसा अटॅकनंतर किमान ४० दिवसांनी आणि स्टेंट किंवा बायपास झाला असेल तर ३ महिन्यांनी, औषधांचे डोस पुरेसे वाढवून, पुन्हा इको करून घेतात. तोवर रोज सकाळी लघवीनंतर वजन करून लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.