टाकी भरताना नोझल बंद पडतं, काटा चुकतो: ड्रायव्हरवर संशय घेण्याआधी हे बघा

तुमची १९९९ ची टाटा ४०७ आहे, पंपावर नोझल सारखं खटकन बंद होतं, डिझेलचा काटा कधी अर्ध्यावर तर कधी शून्यावर असतो, तर टाकीच बदलू का, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी एक ओळ टाकलीय, 'ड्रायव्हर डिझेल काढत असेल असंही वाटतं.' त्या ओळीसाठी लिहितोय.

टाकी बदलू नका. आधी तोंडातली जाळी काढून बघा.

आमच्या घरी सोळा-तेरा होती, म्हणजे टाटाचा १६१३ ट्रक. पिंपळगाव बसवंतहून कांदा भरायचा, कसारा घाट उतरून वाशी मार्केट गाठायचं, येताना मिळेल तो माल. जाऊन-येऊन चारशे किलोमीटर. गाडीवर अकरा वर्षं मामा होते. नात्यातले नव्हते, पण आम्ही पोरं मामाच म्हणायचो. हिशोबाची वही थोरल्या भावाकडे. एका फेरीला त्याने परत आल्यावर स्वतः पंपावर उभं राहून, हळूहळू, गळ्यापर्यंत टाकी भरून घेतली. १२५ लिटर बसलं. म्हणजे अॅव्हरेज लिटरला ३.२ किलोमीटर. एरवी ४.७ च्या आसपास असायचं. भरायच्या आधी काटा शून्यावर टेकलेला, आणि निघताना मामांनी वहीत 'टाकी फुल' लिहिलेलं. चाळीस लिटर गेलं कुठे, असं दादाने भर अंगणात विचारलं.

मामा म्हणाले, 'निघताना नोझल लवकर बंद पडलं होतं, पंपावरच्या पोराने फुल सांगितलं, मी लिहिलं.' कुणी ऐकलं नाही. दादाने बाजारातून कुलूपवालं झाकण आणून बसवलं. त्याला हवेचं भोकच नव्हतं. पुढच्या फेरीला घाट चढताना गाडीचा पिकअप गेला. मामांनी झाकण उघडलं तर टाकीने स्स्स करून हवा आत ओढली आणि गाडी पुन्हा नीट चालली. हे त्यांनी येऊन सांगितलं. त्यावर दादा म्हणाला, 'आता रॉकेल मिसळायला लागलात का?' मामांनी चावी ओट्यावर ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि गेले.

नवीन ड्रायव्हर आला. पहिल्याच फेरीनंतर टाकीत ६५ लिटरच बसलं. अॅव्हरेज सहाच्या वर! दादा गावभर सांगत फिरला, बघा, माणूस बदलला आणि अॅव्हरेज वाढलं. अहो, भरलेली सोळा-तेरा कसारा चढून सहा देते का कधी? टाकी एकदा गळ्यापर्यंत भरली होती, दुसऱ्यांदा नोझल आधीच बंद पडलं, एवढंच घडलं होतं. तिसऱ्या फेरीला अॅव्हरेज परत साडेतीनवर आलं. तेव्हा मी हट्टाने टाकी उतरवायला लावली.

जाळीवर गंज, काळा गाळ आणि चिंधीचे धागे यांचा पापुद्रा बसला होता. कधीतरी झाकण हरवलं तेव्हा तोंडात चिंधी कोंबलेली, तिचे धागे. डिझेल त्यातून उतरेना, फेस वर यायचा. नोझलच्या टोकाला एक बारीक भोक असतं, त्यातून हवा ओढली जात असते. फेस तिथवर पोचला की ती हवा तुटते आणि खटका पडतो. टाकी भरलीय की नाही हे नोझलला कळतच नाही. आणि फ्लोट? डिझेलवर तरंगत काटा हलवणारा पितळेचा गोळा. मिस्त्रीने माझ्या हातात दिला, मी कानाशी हलवला तर आत खुळखुळ. त्याचा डाग दिलेला सांधा सुटून आत डिझेल शिरलं होतं. बुडालेला फ्लोट काट्याला काय वर नेणार?

तो फ्लोट घेऊन मी चांदवडला मामांच्या घरी गेलो. त्यांनीही कानाशी हलवून बघितला, चहा पाजला, पण गाडीवर परत आले नाहीत. दादा अजूनही म्हणतो, 'त्या काळात सगळेच काढायचे.' वहीतली ती ६५ लिटरची नोंद त्याला दाखवली की विषय बदलतो. खटक्यावरचं माप चुकत नसतं तर अॅव्हरेज कधीच सहाला गेलं नसतं, एवढा साधा हिशोब आहे.

तुमच्या गाडीचं म्हणाल तर जाळी आणि हवेची नळी साफ करा, झाकणाचं भोक मोकळं आहे का बघा. चावी ऑन ठेवा आणि फ्लोटची वायर काढून क्षणभर बॉडीला लावा. काटा एका टोकाला पळाला तर मीटर आणि वायर ठीक, दोष फ्लोटचा किंवा त्याच्या अर्थिंगचा. हललाच नाही तर आधी फ्यूज आणि वायर बघा. काही गेजमध्ये काटा फुलकडे जातो, काहींत रिकाम्याकडे, त्यामुळे दिशेवरून घाबरू नका. काटा कधी दाखवतो कधी नाही, असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून मला अर्थिंगचीच शंका जास्त येते.

अॅव्हरेज काढायचं तर नोझलच्या खटक्यावर काढू नका. सपाट जागी गाडी लावा, टाकी रिकामी करून पाच-पाच लिटर टाकत एका लाकडी पट्टीवर खुणा करून घ्या, आणि निघताना-येताना ड्रायव्हरसमोर पट्टी बुडवा. पंपावर शंका असेल तर पाच लिटरचं सरकारी शिक्क्याचं माप मागा, ते ठेवणं त्यांना बंधनकारक आहे.

डिझेल काढणारे ड्रायव्हर नसतात असं मी म्हणत नाही. आणि टाकी आतून पापुद्रे सोडण्याइतकी सडली असेल तर बदलावीच लागेल, साफ करून उपयोग नाही. गळतीला वेल्डिंग मारायचं असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून, धुऊन, वाफ घालवूनच. आतली वाफ पेट घेते.

टाकी उघडाल तेव्हा ड्रायव्हरला शेजारी उभं करा. फ्लोट आधी त्याच्या हातात द्या.