विंचेस्टर १८७३ रायफलीत ४५-७० हे लांब काडतूस का चाललं नाही? नुसतं चेंबर खोल केलं असतं तर?

तुमचा प्रश्न असा आहे की नळी बदलता येते, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसण्याची जागा) खोल कोरता येतं, मग विंचेस्टर कंपनीला लांब काडतुसासाठी रायफलच नवी का काढावी लागली?

चेंबर हा यातला सगळ्यात सोपा भाग. खरी अडचण चेंबरच्या मागे, यंत्रणेच्या पेटीत आहे. मी भोसरीत वीस वर्षं बाटल्या भरायच्या यंत्रांची डिझाइनं केली. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "बाटली जरा मोठी केलीय, तेवढं ॲडजस्ट करून द्या." मग त्याला समजवावं लागायचं की बाटलीचं माप यंत्राच्या प्रत्येक भागात आधीच उतरलेलं असतं. लिव्हर रायफल (घोड्याखालचा दांडा खालीवर करून भरायची) हेही मुळात काडतूस पुढे सरकवणारं यंत्रच आहे. म्हणूनच मला त्याची गोडी लागली.

आधी मापं बघू. १८७३ ची रायफल निघाली ती ४४-४० या काडतुसासाठी. (अशा नावात पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, इंचाच्या शतांशात; दुसरा दारूच्या ग्रेनचा.) ४० ग्रेन काळी दारू, २०० ग्रेनची (सुमारे १३ ग्रॅम) गोळी, काडतुसाची एकूण लांबी ४०.४ मिमी. त्याच वर्षी अमेरिकी सैन्याने ४५-७० स्वीकारलं. त्यात ७० ग्रेन दारू, ४०५ ग्रेनची (२६ ग्रॅम) गोळी आणि लांबी जवळजवळ ६५ मिमी.

आता ७३ ची रचना डोळ्यासमोर आणा. नळीखालच्या नळकांडी मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक असतात. स्प्रिंग त्यांना मागे ढकलते आणि शेवटचं काडतूस एका ठोकळ्यात शिरतं. लिव्हर खाली ओढली की हा ठोकळा लिफ्टसारखा सरळ उभा वर येतो, लिव्हर मिटली की बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) काडतूस चेंबरमध्ये सारतो. मला यातली सर्वात सुंदर गोष्ट वाटते ती ही की रांगेतल्या बाकीच्या काडतुसांना अडवायला वेगळा अडसरच नाही. ठोकळ्यातलं काडतूसच ठोकळ्याची लांबी पुरती भरून काढतं आणि रांग थोपवून धरतं. काडतूस आखूड असेल तर पुढच्याची कड ठोकळ्यात घुसते आणि ठोकळा वर जाताना अडकतो. लांब असेल तर ते मॅगझिनच्या तोंडातच राहतं, तेव्हाही ठोकळा हलत नाही. म्हणजे काडतुसाची लांबी हाच या यंत्राचा एक सुटा भाग आहे.

दुसरी गोष्ट बोल्टच्या फेरीची. काडतूस सरळ उभं वर येतं, त्यामुळे बोल्टला त्याच्या पूर्ण लांबीपेक्षा जास्त मागे जावंच लागतं. ४० चे ६५ झाले की फेरी २५ मिमीने वाढली. ७३ मध्ये बोल्ट मागेपुढे होतो तो गुडघ्यासारख्या दुमडणाऱ्या दुव्यांमुळे. फेरी वाढवायची तर दुवे लांब हवेत, ते मावायला पेटी लांब आणि उंच हवी. शिवाय उडवताना मागे येणारा सगळा धक्का याच दुव्यांवर आणि त्यांच्या पिनांवर बसतो. तेव्हा नुसतं चेंबर खोल करून भागलं नसतं. काडतूस तिथपर्यंत पोचलंच नसतं.

कंपनीने आधी सरळ मार्ग धरला, यंत्रणा तीच ठेवून सगळं मोठं केलं. ती १८७६ ची रायफल, फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनात मांडलेली. तरीही तिच्यात ४५-७० बसेना! मग कंपनीने ४५-७५ हे वेगळं काडतूस काढलं, जाडजूड बुडाचं आणि गळ्याशी निमुळतं. त्याचं खोकं (दारू भरलेला धातूचा भाग) ४८ मिमी लांब, ४५-७० चं ५३.५ मिमी. लांबी परवडत नाही म्हणून जाडी वाढवली. कॅनडाच्या नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलिसांनी ही रायफल वापरली. पण ४५-७० पचवणारी लिव्हर रायफल बाजारात पहिल्यांदा यशस्वी केली ती प्रतिस्पर्धी मार्लिनने, १८८१ मध्ये.

विंचेस्टरला उत्तर मिळालं जॉन मोझेस ब्राउनिंगकडून. यूटामधल्या ऑग्डेनचा हा बंदूक-कारागीर. त्याने दुवे मोठे केले नाहीत, काढूनच टाकले. १८८६ च्या रायफलीत बोल्टच्या मागच्या भागात दोन उभ्या पट्ट्या पेटीच्या खाचांतून वर सरकतात आणि बोल्टला कुलूप लावतात. धक्का पिनांवर न जाता थेट पोलादी पेटीवर जातो. काडतूस उचलणारा भाग मागे खिळलेला, पुढचं टोक वर करणारा, आणि रांग थोपवायला स्वतंत्र अडसर. लांबीची ती जीवघेणी अट इथे सुटली. त्यामुळे याच पेटीत पुढे ४५-९० आणि ५०-११० आली, ज्यांचं खोकं जवळपास ६१ मिमीचं. "नळी आणि चेंबर बदललं की झालं" हे तुमच्या मनातलं चित्र या रायफलीच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरं आहे, ७३ च्या बाबतीत नाही. डिझायनर म्हणून मला हा ब्राउनिंगचा सर्वात मोठा विजय वाटतो.

टोकदार गोळ्यांसाठी मात्र नळकांडी मॅगझिनच नको, कारण तिथे एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला (बुडाशी असलेल्या, ठोक्याने पेटणाऱ्या प्रायमरला) टेकतं आणि धक्क्याने ती उडू शकते. म्हणून ब्राउनिंगच्याच १८९५ च्या रायफलीत पेटी-मॅगझिन आलं. आपल्या पोलिसांच्या हातात वर्षानुवर्षं दिसलेल्या थ्री-नॉट-थ्रीचं काडतूसही तिच्यात चालायचं.

हा सगळा इतिहास आहे. घरातल्या परवान्याच्या बंदुकीवर असला प्रयोग करू नका. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रात फेरफार करायला किंवा ते दुरुस्त करायलाही वेगळा परवाना लागतो.

आणि ठोकळ्याच्या अटीचा पुरावा हवा असेल तर इटलीतली उबर्ती कंपनी आज बनवते त्या ७३ च्या प्रतिकृती बघा. त्या ४४-४० बरोबर ४५ कोल्ट आणि ३५७ मॅग्नम या काडतुसांसाठीही मिळतात. दोन्हींची एकूण लांबी ४० मिमीच्या आसपास आहे.