मलेरियाचा जंतू रक्त खातो, मग त्याला साखर कशाला?

प्रश्न (एक वाचक, गडचिरोली): माझ्या नणंदेच्या मुलाला फाल्सिपेरम मलेरिया झाला होता, आता बराय. ॲडमिट असताना सिस्टर सारख्या बोटाला टोचून शुगर बघायच्या. पोराला डायबिटीस नाही काही नाही, मग कशाला? सासूबाई म्हणतात, मलेरियाचा किडा रक्त खातो, त्याला साखरेची काय गरज. आणि शेजारच्या काकू म्हणाल्या गोड दिलं की किडे वाढतात, म्हणून घरी आल्यावर चार दिवस आम्ही त्याला बिनसाखरेचा चहा दिला. बरोबर केलं का?

उत्तर: आधी चहाचं सांगतो, साखर बंद करायची काहीच गरज नव्हती. का ते पुढे येईलच.

सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत. हा जंतू आपल्या लाल पेशीत शिरतो आणि साधारण ४८ तास तिथे मुक्काम ठोकतो. लाल पेशी म्हणजे हिमोग्लोबिनने ठासून भरलेलं पोतं. जंतू त्यातला रस थोडा थोडा आत ओढतो आणि पोटातल्या एका आंबट पिशवीत त्याचे तुकडे करतो. असं करत करत पेशीतलं ६० ते ८० टक्के हिमोग्लोबिन संपवतो. पण गंमत बघा, एवढं पचवून त्यातून निघालेली अमायनो ॲसिड्स, म्हणजे प्रथिनांच्या विटा, तो स्वतःसाठी वापरतो फक्त १६ टक्क्यांच्या आसपास, बाकीची चक्क बाहेर टाकून देतो! मग एवढं खायचं कशाला? एक म्हणजे त्याला वाढायला जागा लागते. दुसरं कारण काही शास्त्रज्ञांनी मांडलंय ते मला जास्त पटतं: हिमोग्लोबिन तसंच राहिलं असतं तर पेशीत पाणी शिरून ती वेळेआधीच फुटली असती, आणि आतली पिल्लावळ तयार व्हायच्या आधी घर फुटून जंतूला परवडत नाही.

बरं, एवढं भरलेलं कोठार असूनही एक वस्तू त्यात नाहीच. आयसोल्युसीन नावाचं अमायनो ॲसिड मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये औषधालासुद्धा सापडत नाही, पण जंतूला त्याच्याशिवाय चालत नाही. म्हणून तो लाल पेशीच्या भिंतीत, जिथे आधी नव्हत्या अशा नव्या वाटा करतो आणि बाहेरच्या रक्तद्रवातून ते आत घेतो, त्यासोबत व्हिटॅमिन बी-५ पण. पेशी आपली, पण तिला दारं त्याने बसवली.

हिमोग्लोबिन पचवलं की त्यातला लोहाचा भाग, म्हणजे हीम, उरतं, ते जंतूला विषच. मग तो त्याचे काळपट खडे करून ठेवतो. १८९७ साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉस या डॉक्टरांना डासाच्या पोटात जंतू ओळखू आला तो या काळ्या कणांमुळेच. क्लोरोक्विन हे मलेरियाचं जुनं औषध असे खडे होऊ देत नाही, म्हणजे जंतू स्वतःच्याच उकिरड्याने मरतो (फाल्सिपेरम आता बऱ्याच ठिकाणी क्लोरोक्विनला दाद देत नाही, म्हणून औषधं बदलली).

आता साखर. हिमोग्लोबिनमधून त्याला बांधकामाचा माल मिळतो, पण चूल पेटवायला ग्लुकोजच लागतं आणि ते तो साठवूनही ठेवत नाही, रोज आणा रोज खा. जंतू असलेली पेशी साध्या लाल पेशीपेक्षा कितीतरी पट, अगदी १०० पटीपर्यंत ग्लुकोज जाळते आणि बदल्यात लॅक्टिक ॲसिड रक्तात सोडते. अंगात जंतू खूप झालेत, पोरगं दोन दिवस जेवलेलं नाही, लिव्हरही दमलेलं, आणि त्यात क्विनाइन हे मलेरियाचं औषध चालू असेल तर ते इन्सुलिन वाढवतं, अशा वेळी शुगर झपकन खाली येते. ४० च्या खाली गेली की पेशंट बेशुद्ध होऊ शकतो, आणि तो शुगरमुळे बेशुद्ध आहे की मलेरिया मेंदूत गेलाय हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून त्या सिस्टर टोचत होत्या, आणि चांगलंच केलं त्यांनी.

काकूंचं लॉजिक ऐकायला बरोबर वाटतं, पण आपण गोड बंद केलं तरी लिव्हर रक्तातली शुगर धरून ठेवायला बघतंच. जंतू उपाशी मरायच्या कितीतरी आधी पोराला चक्कर येईल. जंतू मरतो गोळ्यांनी, आणि त्या बरं वाटलं तरी शेवटपर्यंत घ्यायच्या. चहात साखर घाला, त्याला आवडत असेल तर शिरा पण करा.