एपकॉटमधल्या 'स्पेस २२०' रेस्टॉरंटबद्दल चाहत्यांची मतं इतकी टोकाची का? मुलीला आणि आई-बाबांना घेऊन जावं का?

तुम्ही विचारलंय की ऑरलँडोच्या सहलीत नऊ वर्षांच्या अवकाशवेड्या मुलीसाठी, डिस्नीच्या एपकॉट या थीम पार्कमधल्या 'स्पेस २२०'चं टेबल घ्यावं का. सोबत आई-बाबा आहेत, ते शाकाहारी आहेत, आणि डिस्नीचे जुने चाहते एकीकडे 'अजिबात चुकवू नका' म्हणतात तर दुसरीकडे 'पैसे वाया' म्हणतात.

माझं उत्तर: जरूर जा, पण दुपारच्या जेवणाला जा. आम्ही अटलांटाला राहतो, त्यामुळे ऑरलँडोला गाडीने जाणं-येणं होत असतं. या रेस्टॉरंटवर मी आमच्या मित्रमंडळींशी पुष्कळ वाद घातलेत. वाद घालण्यासारखी ही जागा आहे आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे.

ज्या भागाबद्दल फारसं दुमत नाही तो आधी सांगतो. आत शिरलात की तुम्हाला एका गोल लिफ्टमध्ये उभं करतात. गोष्ट अशी की ही अवकाशात जाणारी लिफ्ट आहे आणि पृथ्वीपासून २२० मैलांवरच्या, म्हणजे साधारण ३५४ किलोमीटरवरच्या 'सेंटॉरी' नावाच्या अवकाशस्थानकात तुम्हाला नेते. रेस्टॉरंटच्या नावातले २२० ते हेच. पायाखाली एक गोल खिडकी आणि डोक्यावर एक. खालच्या खिडकीत एपकॉटचा तो प्रसिद्ध पांढरा गोल लहान होत जातो, मग फ्लोरिडाचा किनारा दिसतो, मग ढग, मग पृथ्वीची वक्र कड. वरच्या खिडकीत स्थानक जवळ येत जातं. प्रत्यक्षात तुम्ही जमिनीवरच असता, पण डोळ्यांना ते पटत नाही. माझ्या ओळखीतल्या अगदी कडक टीकाकारानेही या एक-दोन मिनिटांना नाव ठेवलेलं नाही. दार उघडल्यावर भाज्या लावलेलं एक मोठं फिरतं चाक लागतं, अवकाशातली शेती दाखवणारं. तुमची मुलगी तिथे थांबेल. तिला थांबू द्या.

मग जेवणाचा हॉल. समोर भिंतभर पसरलेल्या पडद्यांच्या खिडक्या आणि त्यांत खाली पृथ्वी. दुपारी तिची उजेडातली बाजू, संध्याकाळी रात्रीची, शहरांच्या दिव्यांसकट. मधूनच एखादं यान जातं, कुणी अंतराळवीर तरंगत येतो, आणि स्पेससूट घातलेला एक कुत्राही दिसतो. मुलं त्याची वाट बघत बसतात.

जुने चाहते या खिडकीपाशी हळवे का होतात, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. रेस्टॉरंट 'मिशन: स्पेस' या राइडला लागून आहे. ती राइड २००३ साली सुरू झाली, आणि त्याआधी त्याच जागी 'होरायझन्स' नावाचं दालन होतं. १९८३ मध्ये उघडलेलं आणि १९९९ मध्ये कायमचं बंद झालेलं. होरायझन्समध्ये भविष्यातली माणसं कुठे राहतील ते दाखवलं होतं: वाळवंटातली शेती, समुद्राखालची वस्ती आणि अवकाशातली 'ब्राव्हा सेंटॉरी' नावाची वसाहत. त्यातली माणसं फार मोठं काही करत नव्हती. घरच्यांशी बोलत होती, वाढदिवस साजरे करत होती. एपकॉटचे चाहते आजही ज्या राइडसाठी हळहळतात त्यांत होरायझन्स फार वरच्या क्रमांकावर आहे. तेव्हा २०२१ च्या सप्टेंबरमध्ये, त्याच जागेला लागून, 'सेंटॉरी' नावाचं स्थानक उघडलं की त्यांना काय वाटलं असेल याचा विचार करा.

मला स्वतःला या जागेचं मोल तिथेच वाटतं. बहुतेक अवकाश-राइडमध्ये स्फोट होतात, कुणीतरी पाठलाग करतं, यान कोसळता कोसळता वाचतं. इथे तसलं काहीच नाही. माणसं अवकाशात बसून सूप पितायत, मुलं कुरकुर करतायत, आजोबा चष्मा पुसून पुन्हा खाली बघतायत. अवकाशात राहणं ही रोजची गोष्ट होईल, असं जुनं एपकॉट सांगायचं. ते मनापासून सांगणाऱ्या जागा आता फार उरलेल्या नाहीत, आणि म्हणून मी या रेस्टॉरंटच्या बाजूने भांडतो.

विरोधी बाजूचं म्हणणं पैशांचं आहे आणि ते रास्त आहे. इथे ठरावीक दराचं जेवण असतं: दुपारी दोन कोर्स, रात्री तीन. सुरुवातीला मोठ्या माणसाला दुपारचे ५५ डॉलर आणि रात्रीचे ७९ डॉलर होते, त्यावर कर आणि टिप वेगळी. तुमची भूक कमी असली, नुसतं सॅलड हवं असलं, तरी दर तोच. शिवाय रेस्टॉरंट पार्कच्या आत आहे, म्हणजे एपकॉटचं तिकीट आधी काढावंच लागतं. एवढ्या पैशात ताटातला पदार्थही खिडकीइतकाच थक्क करणारा हवा, अशी चाहत्यांची अपेक्षा आणि तिथेच त्यांची निराशा. जेवण चांगलं, पण नावं सोडली तर त्यात अवकाशाचं काही नाही, ही तक्रार तुम्हाला सगळीकडे ऐकू येईल. दुसरी तक्रार टेबलांची: काही खिडकीला लागून, काही बरीच मागे. तिसरी म्हणजे अर्ध्या तासानंतर खिडकीकडे कुणाचं लक्ष राहत नाही. ही तिसरी मला पटत नाही. लोक बोलत बसले याचा अर्थ जागा फसली असा होत नाही.

खिशाचा प्रश्न मोठा असेल तर त्याच हॉलमध्ये मागच्या बाजूला लाउंज आहे. तिथे ठरावीक दराची सक्ती नाही. छोटे पदार्थ आणि पेयं सुटी मागवता येतात. लिफ्ट तीच, खिडकी तीच, फक्त जरा लांबून. दोघंच जात असाल तर मी लाउंजच सुचवेन. आई-बाबा आणि मुलगी सोबत असताना मात्र नीट बसून जेवायचं टेबल बरं.

शाकाहाराचं म्हणाल तर पदार्थांच्या नावांवर जाऊ नका. 'स्टारी कॅलमारी' म्हणजे माकूल आहे, हे नावावरून आई-बाबांच्या लक्षात येणार नाही. डिस्नीच्या मेन्यूंवर हिरव्या पानाची खूण असलेला पदार्थ पूर्ण वनस्पतीजन्य असतो, त्यात दूध-अंडंसुद्धा नसतं. फ्लॉवरचा 'ब्लू मून कॉलिफ्लॉवर' चाहत्यांचा लाडका आहे. मेन्यू बदलत राहतो, त्यामुळे निघण्याआधी डिस्नीच्या साइटवर बघा आणि तिथे वेटरला अंडं, मासे आणि चिकनचा स्टॉक याबद्दल स्पष्ट विचारा. लिफ्ट जराशी थरथरते पण गरगरवत नाही. आई-बाबांना त्रास होण्यासारखं काही नाही. शेजारच्या 'मिशन: स्पेस'च्या नारिंगी प्रकारात मात्र खरोखरच गोल फिरवतात. जेवल्यावर लगेच तिकडे जाऊ नका. हिरवा प्रकार न फिरणारा आहे.

मुलगी चौकस असेल तर एक चूक ती पकडेल. ३५४ किलोमीटरवरचं स्थानक फ्लोरिडाच्या डोक्यावर थांबून राहू शकत नाही. तेवढ्या उंचीवर ते साधारण दीड तासात पृथ्वीची फेरी मारेल. एका जागी थांबल्यासारखं दिसायला विषुववृत्तावर जवळजवळ ३५,७८६ किलोमीटर उंची लागते, म्हणून खऱ्या अवकाश-लिफ्टची कल्पना मांडणारे तिथपर्यंतची आणि त्याच्याही पलीकडची तार धरतात. तिला हेही सांगा की खऱ्या स्थानकात पावाऐवजी टॉर्टिया खातात, कारण पावाचा चुरा तरंगत यंत्रांत जातो. आणि २०२५ च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर गेले तेव्हा सोबत गाजर हलवा, मूगडाळ हलवा आणि आमरस होता. हे ऐकून आजी-आजोबांनाही खिडकीबाहेर बघायला जास्त मजा येईल.

शुक्लांचं यान ज्या केनेडी स्पेस सेंटरमधून उडालं ते ऑरलँडोहून गाडीने तासाभरावर आहे. जमलं तर ते आधी बघा. तिथे 'अटलांटिस' हे खरं स्पेस शटल ठेवलंय, आणि ते पाहून आलेल्या मुलीला रेस्टॉरंटच्या खिडकीत बरंच जास्त दिसेल. टेबलाचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं आणि सोयीच्या वेळा लवकर जातात, म्हणून त्या दिवशी सकाळी लवकर उठून बसा. नाही मिळालं तर ॲपवर अधूनमधून बघत राहा. लोक बुकिंग रद्द करत असतात, आणि जायच्या आदल्या दिवशीसुद्धा टेबल सुटतं.