सवाई (पुण्यातला सवाई गंधर्व भीमसेन संगीत महोत्सव) पूर्वी खरंच रात्रभर चालायचा का? आणि जुने लोक सारखं रमणबाग रमणबाग का करतात?

हो, खरंच चालायचा. रात्री जेवून निघायचं आणि उजाडल्यावर अमृततुल्यला चहा पिऊनच घरी, असं असायचं.

आधी थोडक्यात इतिहास. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. ते १९५२ ला गेले आणि १९५३ पासून त्यांच्या आठवणीसाठी पुण्यात गाणं सुरू झालं. ते वाढवलं त्यांचे शिष्य पं. भीमसेन जोशींनी, म्हणून भीमसेनजी २०११ मध्ये गेल्यावर महोत्सवाच्या नावात त्यांचंही नाव आलं. गायिका गंगूबाई हनगल आणि गायक फिरोज दस्तूर दोघं भीमसेनजींचे गुरुबंधू-भगिनी, दस्तूरांना 'गोपाला करुणा'ची फर्माईश ठरलेली, लोक सोडायचेच नाहीत त्यांना.

रमणबाग म्हणजे न्यू इंग्लिश स्कूलचं मैदान, भर पेठेत. त्यामुळे तिकीट न काढता बाहेर रस्त्यावर उभं राहून ऐकणारेही भरपूर. आत भारतीय बैठक, डिसेंबरची थंडी, शाली, माकडटोप्या, थर्मास. आमच्या शेजारी एक काका विलंबितात (संथ लयीच्या गाण्यात) बिनधास्त घोरायचे आणि पुढच्या कलाकाराचा तबला लावताना हातोडीचा टकटक आवाज आला की ताठ उठून बसायचे (आणि वर आम्हालाच गप्प बसा म्हणायचे!).

२०१८ ला सवाई मुकुंदनगरला गेला त्याची लोक फार हळहळ करतात, पण माझ्या मते जागेपेक्षा वेळेने जास्त फरक पडला. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, सरकारने सूट दिलेल्या मोजक्या दिवशीच बारापर्यंत. मग दरबारी, मालकंस हे रात्रीचे राग निवांत कधी गाणार आणि पहाटे-सकाळचे ललत, भैरव, तोडी तर सरळ गेलेच ना! पूर्वी राग आपल्या वेळेला यायचा, आता घड्याळ बघून उरकावा लागतो. महोत्सवाच्या शेवटी सवाई गंधर्वांची 'बिन देखे पडे नही चैन' ही भैरवी रेकॉर्डवर लावायची पद्धत मात्र आहे, तिच्याआधी उठून पार्किंगकडे पळू नका प्लीज.

अर्थात एक फायदाही झालाय, तो कोणी बोलत नाही. कार्यक्रम दुपारीच सुरू होतो त्यामुळे मुलतानी, भीमपलास, पटदीप, मधुवंती असे दुपारचे राग भरपूर मिळतात, जे एरवीच्या संध्याकाळच्या मैफलीत फारसे कोणी गात नाही. आणि त्या वेळी नवीन कलाकार जीव तोडून गातात, गर्दीही कमी. पहिल्यांदा जाणार असाल तर सुरुवातीलाच जाऊन बसा, मोठी नावं ऐकायला सातनंतर सगळं पुणं येतंच.