अक्षांश-रेखांशाच्या दोन कॉलमांतून पोस्टजीआयएसकडे

तुमचा प्रश्न मला असा समजला. यवतमाळ जिल्ह्यातल्या सुमारे ६० हजार विहिरी पोस्टग्रेस या डेटाबेसच्या एका टेबलात आहेत, अक्षांश आणि रेखांश दोन वेगळ्या कॉलमांत. दुसऱ्या टेबलात पिण्याच्या पाण्याचे ३ हजार सार्वजनिक स्रोत आहेत. कोणती विहीर कोणत्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत येते आणि ती कोणत्या गावच्या शिवारात आहे, हे काढायचं आहे. सध्या अंतराचं सूत्र क्वेरीतच, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नातच लिहिलंय, ती तासभर चालते, आणि तुमचे सहकारी म्हणतात की डेटाबेसच बदलू.

डेटाबेस बदलू नका. तुमच्याकडे आहे तोच डेटाबेस या कामासाठी सगळ्यात योग्य आहे, आणि त्यामागे एक कारण आहे. १९८६ साली अमेरिकेत, बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी पोस्टग्रेसचं काम सुरू केलं, तेव्हा आकडे, तारखा आणि अक्षरं यांच्या पलीकडचे प्रकार वापरणाऱ्याला स्वतः जोडता यावेत हे उद्दिष्ट आराखड्यातच होतं. नुसता प्रकार नाही, तर त्याची चिन्हं, त्याची फंक्शनं आणि त्याचा इंडेक्स, म्हणजे नोंदी झटकन शोधायची सूचीसुद्धा. म्हणून २००१ साली कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातल्या व्हिक्टोरिया गावच्या रिफ्रॅक्शन्स रिसर्च या छोट्या कंपनीत पॉल रॅम्सी, डेव्ह ब्लास्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोस्टजीआयएस, म्हणजे पोस्टग्रेसला नकाशावरच्या जागा आणि आकृत्या कळाव्यात यासाठीची जोडणी, बाहेर आणलं, तेव्हा त्यांना पोस्टग्रेसचा गाभा फोडावा लागला नाही. भूमिती हा नवा प्रकार त्यांनी बाहेरून जोडला. त्या वेळच्या आर-ट्री इंडेक्सला मोठी, खूप बिंदूंची आकृती पेलत नव्हती. म्हणून त्यांनी जिस्ट नावाचा इंडेक्स घेतला. त्यात आकृती न ठेवता तिच्याभोवतीची चौकट तेवढी ठेवली जाते. हा तपशील लक्षात ठेवा, तुमची तासभराची क्वेरी याच्याच जोरावर सुधारणार आहे.

आता तुमचं काम. सर्व्हरवर पोस्टजीआयएसचं पॅकेज बसवून घ्या आणि मग त्या डेटाबेसमध्ये 'क्रिएट एक्स्टेन्शन पोस्टजीआयएस' ही एक ओळ चालवा. पोस्टग्रेस ९.१ च्या आधी हेच काम लांबलचक स्क्रिप्टा हाताने चालवून करावं लागे आणि बॅकअप परत चढवताना जीव टांगणीला लागायचा. ते दिवस संपले. एक गोष्ट मात्र तपासा. पोस्टग्रेसचा स्वतःचा 'पॉइंट' नावाचा एक जुना प्रकारही आहे. तो सपाट कागदावरचा बिंदू आहे, त्याला पृथ्वी माहीत नाही. नाव सारखं असल्यामुळे लोक त्यातच डेटा भरून बसतात. तुम्हाला हवाय तो पोस्टजीआयएसचा 'जॉमेट्री', म्हणजे भूमिती प्रकार, बिंदू आणि ४३२६ असं कंसात सांगून.

हा ४३२६ म्हणजे एसआरआयडी, आणि सगळ्यात जास्त वेळ मी यावरच घालवायला सांगेन. तुमच्या टेबलातले ७८.१२ आणि २०.३९ हे नुसते आकडे आहेत. ते कोणत्या मोजमापाच्या पृथ्वीवरचे आहेत हे एसआरआयडी, म्हणजे त्या मोजमाप प्रणालीचा क्रमांक, सांगतो. मोबाइलच्या जीपीएसवरून घेतलेल्या नोंदी डब्ल्यूजीएस ८४ या प्रणालीत असतात, म्हणजे ४३२६. पण सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवरून (छापील नकाशावरून) वाचून घेतलेले अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट १८३० या गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या किंचित चपट्या गोलाच्या एका जुन्या मापावर बेतलेले असतात. तेही अंशांतच दिसतात, डोळ्यांना फरक कळत नाही, पण जमिनीवर आपल्या भागात शंभर मीटरहून जास्त सरकतात. ५०० मीटरच्या अटीत हे सरकणं म्हणजे एखाद्याची विहीर नियमात की नियमाबाहेर, एवढा फरक. १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन घातलं, तेव्हापासून हा आकडा शेतकऱ्याच्या आयुष्यात आहे. म्हणून प्रत्येक नोंद कुठून आली हे आधी वेगळं काढा.

इथेच माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली होती. जुन्या नकाशांवरून आलेल्या नोंदींवर मी एसटी_सेटएसआरआयडी चालवून ४३२६ लिहून टाकलं आणि काम झालं असं समजलो. सेटएसआरआयडी फक्त एसआरआयडीची चिठ्ठी बदलतं, आकडे तसेच राहतात. आकडे बदलायचे तर आधी खरी चिठ्ठी लावायची आणि मग एसटी_ट्रान्सफॉर्म चालवायचं. माझी यादी घेऊन दोघे जण पंधरा दिवस शिवारात फिरले आणि विहिरी नकाशावरच्या जागी सापडेनात. त्यांचे ते उन्हातले दिवस मला अजून टोचतात.

दुसरी नेहमीची चूक क्रमाची. आपण बोलताना अक्षांश-रेखांश म्हणतो, पण बिंदू तयार करणाऱ्या एसटी_मेकपॉइंटला आधी रेखांश आणि मग अक्षांश लागतो. उलटं दिलंत तर यवतमाळची विहीर उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात जाते आणि कसलीही एरर येत नाही. शून्य-शून्य असलेल्या नोंदीही शोधा. जीपीएस लागलं नाही की काही ॲप तेच लिहून मोकळी होतात, आणि ती जागा आफ्रिकेच्या पश्चिमेच्या आखातात आहे. जिल्ह्याच्या चौकटीबाहेरचा बिंदू टेबलात शिरूच नये असं चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे टेबलावरची अट, लावा.

तुमचं मोबाइल ॲप जुन्या दोन कॉलमांत लिहितं, ते तसंच चालू द्या. पोस्टग्रेस १२ पासून जनरेटेड कॉलम मिळतो. त्यात या दोन आकड्यांपासून बिंदू तयार करायचं सूत्र एकदा लिहिलं की प्रत्येक नव्या नोंदीचा बिंदू आपोआप तयार होतो. ॲपच्या एका ओळीलाही हात लावावा लागत नाही.

आता अंतर. ४३२६ मधल्या जॉमेट्रीचं अंतर अंशांत येतं, मीटरमध्ये नाही. लोक मग ५०० मीटर म्हणजे ०.००४५ अंश असा हिशेब करतात. यवतमाळच्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, पण पूर्व-पश्चिम सुमारे १०४. त्यामुळे त्याच ०.००४५ अंशांत तुम्ही उत्तरेकडे ५०० मीटरपर्यंत पोचता आणि पूर्वेकडे ४७० वरच थांबता. पूर्वेच्या त्या ३० मीटरच्या पट्ट्यातल्या विहिरी तुमच्या यादीत येणारच नाहीत.

यावर काही जण यूटीएम, म्हणजे पृथ्वीचे रेखांशांनुसार झोन पाडून मीटरमध्ये मोजणारी प्रणाली, वापरायला सांगतील. जो जिल्हा एकाच झोनात येतो तिथे चालेल, तुमच्याकडे नाही. झोन ४३ आणि ४४ यांची सीमा ७८ अंश रेखांशावर आहे आणि ती यवतमाळ शहराच्या थोडी पश्चिमेकडून, तुमच्याच जिल्ह्यातून जाते. अर्ध्या विहिरी एका झोनात, अर्ध्या दुसऱ्यात. सबंध महाराष्ट्रासाठी ७७६७ ही प्रणाली आहे, नकाशे छापायला ती चांगली. आणि वेबवरच्या नकाशांचं ३८५७ अंतरासाठी अजिबात घेऊ नका, आपल्या अक्षांशावर ते अंतर सहा-सात टक्के फुगवतं.

तुमच्यासाठी सरळ वाट 'जिऑग्रफी' प्रकाराची. तो २०१० साली पोस्टजीआयएस १.५ मध्ये आला. तो पृथ्वीचा गोलाभ धरून हिशेब करतो आणि उत्तर थेट मीटरमध्ये देतो, झोनचा प्रश्नच उरत नाही. जॉमेट्रीचा कॉलम ठेवा आणि अंतर काढताना तो जिऑग्रफीत बदलून वापरा. पण मग जिस्ट इंडेक्सही त्या बदललेल्या रूपावरच करा, नाहीतर क्वेरी त्याला हात लावणार नाही.

इंडेक्स केला तरी क्वेरी कशी लिहिता यावर सगळं आहे. 'एसटी_डिस्टन्स ५०० पेक्षा कमी' असं लिहिलंत तर पोस्टग्रेस ६० हजार गुणिले ३ हजार, म्हणजे १८ कोटी जोड्यांचं अंतर काढत बसेल. तुमची आजची क्वेरी हेच करतेय. तेच एसटी_डीविदिन वापरून विचारा. ते आधी इंडेक्समधल्या चौकटी पाहून ज्या स्रोताच्या आसपासही नाहीत त्या विहिरी बाजूला सारतं आणि उरलेल्या थोड्यांचंच खरं अंतर मोजतं. इंडेक्स सगळा डेटा भरून झाल्यावर करा, त्यानंतर ॲनलाइझ चालवा, म्हणजे पोस्टग्रेसला डेटाचा अंदाज येतो. क्वेरी कशी चालणार हे दाखवणाऱ्या एक्सप्लेनमध्ये जिस्ट इंडेक्सचं नाव दिसलं नाही तर थांबा आणि कारण शोधा, सर्व्हरची रॅम वाढवायला धावू नका.

गावांच्या सीमांची शेपफाइल (नकाशाच्या आकृत्यांची फाइल) चढवताना आधी तिच्यासोबतची पीआरजे फाइल उघडून प्रणाली बघा. ती नसेल तर ज्यांनी फाइल दिली त्यांना विचारा, अंदाजाने ४३२६ लिहू नका. मग आकृती बिनचूक आहे का हे सांगणारं एसटी_इझव्हॅलिड चालवा. हाताने काढलेल्या सीमांमध्ये रेषा स्वतःलाच छेदून जाते, अशी गावं एसटी_मेकव्हॅलिडने दुरुस्त होतात, पण दुरुस्तीनंतर क्षेत्रफळ आधीशी ताडून पाहा. मराठी नावांचाही त्रास होईल. शेपफाइलमध्ये कॉलमचं नाव दहा बाइटांचं असतं आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे तिसऱ्या चिन्हानंतर नाव तुटतं. शक्य असेल तर शेपफाइलऐवजी जिओपॅकेज हा नवा फाइल प्रकार मागून घ्या.

बांधावरची विहीर कोणत्या गावची, हा प्रश्न येईलच. एसटी_कंटेन्स सीमारेषेवरचा बिंदू कोणत्याच गावात धरत नाही, एसटी_इंटरसेक्ट्स दोन्ही गावांत धरतं. इंटरसेक्ट्स वापरा, ज्या विहिरींना दोन गावं मिळतील त्यांची वेगळी यादी काढा आणि ती सातबाऱ्यावरच्या नोंदीशी लावा. तिथे डेटाबेसने निर्णय घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं झाल्यावर, यादी कुणाच्याही हातात देण्याआधी, तुमच्या ओळखीच्या पाच विहिरी निवडा. दोन जिल्ह्याच्या पश्चिमेच्या, दोन पूर्वेच्या आणि एक जुन्या टोपोशीटवरून आलेली. प्रत्येक विहिरीवर फोन घेऊन उभं राहा आणि डेटाबेसमधलं अंतर तिथून मोजलेल्या अंतराशी जुळवा. पाचवी जुळली नाही तर तिचे मूळ आकडे आणि टोपोशीटचा क्रमांक इथे टाका, ट्रान्सफॉर्म कशातून कशात करायचं ते मी पाहून सांगतो.