पहिला जिल्हा, शेवटचा जिल्हा

प्रिय,

जनगणनेतल्या टोकाच्या जिल्ह्यांवरच्या तुझ्या लेखाचा आराखडा वाचला. २०११ च्या ६४० जिल्ह्यांतून प्रत्येक बाबतीतला पहिला आणि शेवटचा तू नीट वेचला आहेस. माझा आग्रह एवढाच, की आकडा टोकाला कशामुळे गेला हे शोधल्याशिवाय पुढच्या ओळीवर जाऊ नकोस.

लोकसंख्येपासूनच बघ. ठाणे १,१०,६०,१४८ आणि अरुणाचलमधली दिबांग व्हॅली ८,००४. दिबांगमध्ये रस्त्याच्या कामावर ऐंशी मजूर आले तरी लोकसंख्या एक टक्क्याने वाढते. ठाण्यात तेवढ्याच वाढीसाठी लाखाहून जास्त माणसं यावी लागतात. म्हणून टक्केवारी काढली की वर आणि खाली, दोन्हीकडे लहान जिल्हेच पटकन येऊन बसतात. नागालँडमधला लाँगलेंग घे. दहा वर्षांत तिथली लोकसंख्या निम्म्याहून कमी झालेली दिसते. तिथे ना साथ आली होती, ना गावं ओस पडली होती. २००१ ची मोजणीच फुगलेली होती. १९९१ ते २००१ या दशकात नागालँडची वाढ ६४ टक्क्यांवर गेली होती आणि पुढच्या दशकात राज्याची लोकसंख्या चक्क किंचित घटली. लाँगलेंगचा आकडा छापायचा, तर ही हकिगत सोबत हवीच.

स्त्री-पुरुष प्रमाणावर मात्र सावकाश लिही, कारण खरा ऐवज तिथे आहे. दमणमध्ये हजार पुरुषांमागे ५३४ स्त्रिया आहेत. कारण उघड आहे: कारखान्यांत कामाला आलेले, एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारे परगावचे पुरुष. लेहमध्ये ६९०, तिथे लष्कर आहे. आता आपल्याकडे ये. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, ठाण्यात ८८६ आणि मुंबई शहरात ८३२. हे तीन आकडे वेगवेगळे छापू नकोस, ती एकाच घराची गोष्ट आहे. गणना फेब्रुवारीत झाली. तेव्हा चाकरमानी मुंबईत नाहीतर ठाण्यात, आणि गावच्या घरात आई, बायको, शाळकरी पोरं. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरीची लोकसंख्या जवळजवळ पाच टक्क्यांनी घटली आणि ठाण्याची छत्तीस टक्क्यांनी वाढली. ठाण्यात माणसं देशभरातून आली हे खरं, पण कोकणातून येणारी ही वाट फार जुनी आहे. रत्नागिरीचा ११२२ पाहून ‘स्त्रियांचा सन्मान करणारा जिल्हा’ असं कुणी लिहिलं की मला मनापासून वाईट वाटतं. त्या आकड्यात किती जणींचं एकटीने घर चालवणं आहे!

बीड तुझ्या यादीत नाही. लहान मुलींच्या प्रमाणात हरियाणातले महेंद्रगढ आणि झज्जर त्याच्याही खाली आहेत, म्हणून ते सुटलं असणार. तरी ते घेच. शून्य ते सहा वयोगटात तिथे हजार मुलांमागे ८०७ मुली आहेत. महाराष्ट्रातला हा नीचांक, आणि दहा वर्षांपूर्वी हाच आकडा ८९४ होता. इथे स्थलांतराची सबब चालणार नाही. ऊसतोडीला निघालेलं कुटुंब लेकरं बरोबर नेतं, त्यात मुलगाही असतो आणि मुलगीही. चाकरीसाठी माणसं गावाबाहेर जातात तेव्हा मोठ्यांचं प्रमाण बिघडतं. लहानग्यांचं प्रमाण एवढं ढासळतं ते मुली जन्मू दिल्या जात नाहीत म्हणून. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा, म्हणजे ही पोरं कायदा झाल्यावर जन्मलेली आहेत. लेखातली सगळ्यात जास्त जागा बीडला दे, यादीतली दोन-चार नावं गाळावी लागली तरी चालतील.

घनतेचा परिच्छेद दोन ओळींत आटप. ईशान्य दिल्लीत चौरस किलोमीटरला ३६,१५५ माणसं, दिबांगमध्ये एक. वाचकाला तेवढं पुरेसं आहे.

एक कामाची गोष्ट. पुढच्या गणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. त्या आकडेवारीत ठाणे पहिल्या क्रमांकावरून घसरलेलं दिसलं तर दचकू नकोस. १ ऑगस्ट २०१४ ला त्यातून पालघर वेगळा झाला. २०११ शी तुलना करायची तर दोन्ही जिल्ह्यांची बेरीज करूनच कर, आणि नव्याने झालेल्या इतर जिल्ह्यांच्या हद्दीही आत्ताच तपासून ठेव. बीडचा भाग लिहून झाला की आधी तेवढाच पाठव.

तुझा,
काका